दावं तोडून उधळलेला बैल

दिवाळीच्या सुट्टीत भाची दारव्ह्याला आली. नुकतंच सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, होऊन आमची कापसाची वेचणी लागली होती. "मी पण वेचते!" म्हणून ती पऱ्हाटीत शिरली. आता, उकललेल्या बोंडातला कापूस मऊ असतो खरा, पण त्याला धरून बसलेल्या सुक्या टरफलाची टोकं सुईसारखी. दहा मिनिटांत बोटाला टोचलं. संध्याकाळी ते बोट माझ्या नाकासमोर आलं. लाल, गरम, टम्म.

"मावशी, टोचलं एवढुसं, मग बोट एवढं काऊन फुगलं वो? जंतूनं फुगवलं?"

जंतूनं नाही गं, तुझ्याच पेशींनी!

कातडीखाली महाभक्षी पेशी राखणीला बसलेल्या असतात. त्यांच्या अंगावर जंतू ओळखणारे रेणू असतात. मातीतला एखादा जीवाणू आत शिरला, की त्याच्या आवरणाचा तुकडा त्या रेणूंना चिकटतो आणि पेशीत आरोळी उठते. ती आरोळी शेवटी पोचते एका बैलापाशी.

बैलाचं नाव एनएफ-कप्पा-बी. आहे ते एक प्रथिन, पण आपण बैलच म्हणू. एरवी तो पेशीत बांधलेला असतो. त्याचं दावं म्हणजे आय-कप्पा-बी नावाचं दुसरं प्रथिन. आरोळी आली की दाव्यावर खूण केली जाते आणि प्रथिनांचा चुरा करणारं पेशीतलं यंत्र नेमकं तेवढं दावं चुरून टाकतं. बैल सुटला! पोळ्यात उधळलेला बैल गर्दीत घुसतो ना, तसा हा घुसतो थेट केंद्रकात.

तिथे गुंडाळलेला असतो डीएनएचा धागा, सरळ केला तर जवळजवळ २ मीटर. एवढ्या धाग्यात बैल शोधतो फक्त दहाएक अक्षरं: जी-जी-जी-ए-सी-टी-टी-टी-सी-सी. (म्हणा बरं एका दमात! एखादं अक्षर इकडंतिकडं झालं तरी तो चालवून घेतो.) तिथे तो जाऊन बसला की जवळचं जनुक जागं होतं. अशी शेकडो जनुकं. त्यांच्या हुकमाने रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून बोट लाल आणि गरम. त्या पाझरू लागतात, म्हणून सूज. रक्तातल्या आणखी सैनिक पेशींना सांगावा जातो. ठणका लावणारी रसायनंही यांच्याच कारखान्यातली.

हा बैल १९८६ साली अमेरिकेत रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना सापडला. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींत, 'कप्पा' नावाच्या जनुकापाशी. नावातले कप्पा आणि बी तिथलेच. पुढे कळलं, की हा तर जवळपास प्रत्येक पेशीत आहे, फक्त बांधलेला!

"मग त्याला परत बांधते कोण?"

इथेच मला या बैलाचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं. त्याने जागवलेल्या जनुकांत एक जनुक दाव्याचंच असतं! सुटलेला बैल आपलं दावं आपणच वळायला लावतो. नवं दावं केंद्रकात शिरतं, त्याला धरून बाहेर आणतं. जंतू अजून असेल तर दावं पुन्हा तुटतं. काही पेशींत ही ये-जा साधारण १०० मिनिटांच्या फेऱ्यांनी चालताना शास्त्रज्ञांनी पाहिली आहे.

एव्हाना आजीने बोटावर हळद दाबली होतीच. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत कुणी घेतलं होतं, हे ऐकून ती खो खो हसली. रघुनाथ माशेलकरांच्या सीएसआयआर या भारतीय संशोधन संस्थेने लढून १९९७ साली ते रद्द करवलं. हळदीतलं कुर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या पेशींत या बैलाला आवर घालतं खरं, पण खाल्लेल्या हळदीतून ते रक्तात फारच थोडं उतरतं.

दुसऱ्या दिवशी भाचीचं बोट उतरलं. आजीची बोटं मात्र सांध्यांत कायम सुजलेली. संधिवाताच्या तिच्या प्रकारात जंतू नसतानाही आरोळ्या उठत राहतात, आणि दावं टिकत नाही.

भाचीने आजीचं बोट हातात घेतलं, दाबून पाहिलं. "आजी, तुयावाला बैल लय माजला वो," ती म्हणाली, आणि आजीची कापसाची ओटी स्वतःच्या कमरेला बांधून तासात शिरली.