नाव लहान, किंमत मोठी

जालना एमआयडीसीत पोलादी सळ्यांचे कारखाने आहेत आणि बियाण्यांच्या कंपन्याही. सळई वजनावर विकली जाते. जितकी जड, तितकी महाग. पण याच कारखान्याला इंटरनेटवर स्वतःचे संकेतस्थळ काढायचे झाले, तर नावाचा हिशेब उलटा निघतो. नाव जितके लहान, तितके महाग. असे का व्हावे?

संगणक एकमेकांना आकडी पत्त्यांनी ओळखतात. आकडे लक्षात ठेवणे माणसाला जड जाते. म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी व्यवस्था आखली. हेच 'डोमेन नाव'. बिंदूच्या अलीकडचा भाग ६३ अक्षरांपर्यंत चालतो. यंत्राला तीन अक्षरे काय आणि तीस काय, सारखीच. मग किंमत येते कोठून?

पहिले कारण गणिती आहे. रोमन अक्षरे २६. त्यांची दोन अक्षरी नावे २६ × २६ = ६७६, तीन अक्षरी १७,५७६, चार अक्षरी ४,५६,९७६. आठ अक्षरी नावे मात्र सुमारे २०९ अब्ज होतात. एक नाव एकालाच मिळते. त्यामुळे 'डॉट कॉम'मधील तीन अक्षरी नावे केव्हाच संपली. आता ती हवी असल्यास जुन्या धारकाकडूनच घ्यावी लागतात.

दुसरे कारण माणसाच्या चुकांचे. 'बियाणे' रोमन लिपीत लिहून पाहा. 'बि'साठी आय की दोन ई? 'या'साठी एक ए की दोन? शेवटी ई की ए-वाय? तीन ठिकाणी दोन-दोन पर्याय म्हणजे आठ रूपे! नाव वाढते तशी चुकण्याची ठिकाणे वाढतात, आणि चुकलेले गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात जाते. जालन्यात १९६४ साली स्थापन झालेली महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी 'महिको' या लहान नावानेच शेतकऱ्यांच्या तोंडी बसली, हे येथे आठवावे.

ही चूक कोणी मुद्दाम घडवली तर? 'रेडिफ'शी एकाच अक्षराचा फरक असलेले 'रॅडिफ' हे नाव दुसऱ्याने घेतले, तेव्हा १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यास मनाई केली. डोमेन नाव हा नुसता पत्ता नसून व्यापारचिन्हासारखेच संरक्षण त्याला मिळते, असे न्यायालयाने मानले. म्हणून सर्वसामान्य शब्द घेऊन विकणे हा व्यापार ठरतो. दुसऱ्याची नाममुद्रा अडवून पैसे मागणे नव्हे.

'व्हॉइस डॉट कॉम' हे नाव २०१९ साली तीन कोटी डॉलरला विकले गेले. अशा बातम्यांनी भुलून नावे साठवणाऱ्याने ध्यानात ठेवावे, की नूतनीकरणाचे शुल्क दरवर्षी भरावेच लागते, गिऱ्हाईक येवो अथवा न येवो. नुसते लहानपण पुरत नाही. अर्थ आणि उच्चारही हवा.

लहान उद्योजकाला महागड्या नावाची गरज नाही. २००५ पासून 'डॉट इन', तर २०१४ पासून देवनागरीतील 'डॉट भारत' खुले आहे. देवनागरीत आकार-इकाराचा घोळ बराच मिटतो. फोनवर एकदा सांगून समोरच्याला अचूक लिहिता येईल, ते नाव चांगले.

वर्गात हा प्रयोग जरूर करावा. एक मराठी नाव मोठ्याने उच्चारावे आणि प्रत्येकाने ते रोमन लिपीत चिठ्ठीवर लिहावे. किती वेगवेगळी रूपे मिळतात ते मोजा. शिवाय हेही काढा: अक्षरांबरोबर ० ते ९ हे अंकही वापरले, तर तीन चिन्हांची नावे किती होतील?