अपडेटचे सील कितीदा तपासावे?

अँड्रॉइड फोनमध्ये गाणी आणि व्हिडीओ उलगडून दाखवणाऱ्या 'स्टेजफ्राइट' या भागात जुलै २०१५ मध्ये मोठी त्रुटी उघडकीस आली. खास रचलेला एक एमएमएस आला, तरी घुसखोराला फोनमध्ये वाट मिळू शकत होती. सुमारे ९५ कोटी फोन धोक्यात असल्याचा अंदाज तेव्हा वर्तवला गेला. दुरुस्ती तयार होती. पण ती आधी फोन बनवणाऱ्या कंपनीने आणि काही देशांत मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीनेही तपासून पुढे सोडायची होती. अनेक जुन्या फोनपर्यंत ती पोहोचलीच नाही.

यावर उपाय म्हणजे फोनच्या प्रणालीचे सुटे भाग पाडायचे आणि हवा तेवढाच भाग बदलायचा. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० बरोबर गूगलने ही पद्धत आणली. त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागला: हे भाग कोणत्या पॅकेजमधून पाठवायचे?

ॲपसाठीचे 'एपीके' होतेच. पण ते हाताळणारी यंत्रणा फोन सुरू होताना बरीच उशिरा जागी होते आणि प्रणालीचे काही भाग त्याआधीच लागतात. लिनक्समध्ये वर्षानुवर्षे वापरात असलेल्या 'डीपीकेजी' आणि 'आरपीएम' या भरवशाच्या यंत्रणाही होत्या. त्यांची अडचण वेगळी होती. त्या पॅकेजची तपासणी ते बसवतानाच करतात. नंतर कोणी फाइलमध्ये फेरफार केला, तर तो लक्षात येईलच असे नाही. गॅसचा सिलिंडर दारात घेताना आपण सील पाहतो, पण पुढे रोज थोडेच पाहतो!

म्हणून 'एपेक्स' हे नवे पॅकेज तयार झाले. त्यातला भाग फक्त वाचता येतो, बदलता येत नाही. त्याचे ४ किलोबाइटचे तुकडे पाडून प्रत्येकाचा गणिती ठसा काढलेला असतो आणि या ठशांच्या साखळीवर शेवटी डिजिटल सही असते. साठवणीतून तुकडा वाचताना फोन ठसा जुळवून पाहतो. एक अक्षर जरी बदलले, तरी ठसा जुळत नाही. नव्या भागामुळे फोन नीट सुरू झाला नाही, तर आधीचा भाग पुन्हा वापरात येतो.

याची किंमतही आहे. मूळ आणि नवी अशा दोन प्रती जागा अडवतात. शिवाय फोनचा गाभा आणि त्याच्या सुट्या यंत्रभागांची सॉफ्टवेअर या वाटेने बदलत नाहीत. त्यासाठी आजही कंपनीच्याच अपडेटवर अवलंबून राहावे लागते. म्हणून फोन घेताना कॅमेऱ्याबरोबर, कंपनी किती वर्षे सुरक्षा अपडेट देणार आहे, हेही विचारावे.

आणि सेटिंग्जमध्ये 'गूगल प्ले सिस्टम अपडेट' शोधून त्यापुढची तारीख पाहावी. उतरवलेले अपडेट फोन बंद करून पुन्हा सुरू केल्यावरच लागू होते. महिनोन्‌महिने रीस्टार्ट न केलेल्या फोनमध्ये ते नुसतेच वाट पाहत पडून असते.