द्राक्षाच्या काडीतून तोच वाण का येतो?

धाराशिव जिल्ह्यातील द्राक्षबागायतदार प्रथम बहुधा डॉगरिज या रानटी वेलीचा खुंट लावतात आणि त्यावर थॉम्सन सीडलेससारख्या वाणाच्या काडीचे कलम बांधतात. दोन डोळ्यांच्या त्या काडीतून पूर्ण वेल वाढते व तिला मूळ वेलीसारखेच घड लागतात. याचे कारण पेशींच्या विभाजनात आहे.

वेलीचा प्रत्येक भाग सूक्ष्म पेशींचा बनलेला असतो. पेशीतील केंद्रकात धाग्यांसारखी रंगसूत्रे असतात. त्यांनाच गुणसूत्रे असेही म्हणतात. मण्याचा आकार, रंग, बी असणे वा नसणे हे गुण त्यांच्यावर अवलंबून असतात. द्राक्षाच्या पेशीत अशी ३८ रंगसूत्रे असतात. डोळा फुटू लागला म्हणजे पेशी दुभंगू लागतात. दुभंगण्यापूर्वी प्रत्येक रंगसूत्राची हुबेहूब प्रत तयार होते व दोन्ही प्रती एकमेकींना चिकटून राहतात. मग ही सूत्रे आखूड व जाड होतात, केंद्रकाचे आवरण विरते आणि सर्व जोड्या पेशीच्या मध्यावर एका रांगेत येतात. तेथून प्रत्येक जोडीतील एक प्रत एका टोकाकडे व दुसरी विरुद्ध टोकाकडे ओढली जाते. दोन्ही टोकांना नवी केंद्रके बनतात, मध्ये भिंत उभी राहते आणि ३८ रंगसूत्रांच्या एका पेशीच्या जागी ३८ रंगसूत्रांच्याच दोन पेशी होतात. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी १८८२ साली या क्रियेचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. गावच्या शाळेत चांगले सूक्ष्मदर्शक यंत्र असल्यास कांद्याच्या कोवळ्या मुळाचे टोक रंगवून ती पाहता येते.

बियांचे तसे नाही. बी धरताना परागातून १९ व बीजांडातून १९ रंगसूत्रे येऊन नवी जुळणी होते. म्हणून बियांपासून वाढलेली रोपे मूळ वेलीसारखी निघतीलच असे नाही.

कलमाच्या सांध्यात सालीखालील वाढीच्या थरातील पेशी दोन्ही बाजूंनी विभागून एकमेकींस मिळतात. तथापि खुंटाच्या पेशींपासून खुंटाच्याच पेशी होतात. यामुळे सांध्याखालून आलेला फुटवा डॉगरिजचाच असतो. तो वेळीच काढून टाकावा.

क्वचित प्रत घेताना चूक होते. वाढत्या डोळ्यातील एखाद्या पेशीत बदल झाला, तर तिच्यापासून झालेल्या सर्व पेशींत तो उतरतो व एखादी फांदी वेगळी दिसते. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथील नानासाहेब काळे यांनी थॉम्सन सीडलेसमधील असाच फरक हेरून लांबट मण्यांचा सोनाका हा वाण निवडला. असा लाभ विरळाच. बदल वाईट असेल तर तोही काडीबरोबर तितक्याच निष्ठेने नव्या बागेत जातो, आणि चूक उमगेपर्यंत मांडव, खत व पाणी यांवरील खर्च होऊन गेलेला असतो.

म्हणून छाटणीच्या वेळी ढिगातून हाती लागेल ती काडी घेऊ नये. घड पक्व असताना चांगल्या वेलींवर रंगाची खूण करावी व दोन-तीन हंगाम त्यांची पाहणी करावी. एका वर्षी घड कमी आले एवढ्यावरून वेल टाकाऊ ठरवू नये; पाणी, सावली किंवा छाटणीतील दोष काडीबरोबर जात नाही. मात्र सारखी निगा असूनही जी वेल दरवर्षी वेगळे मणी देते, तिची काडी कलमास घेऊ नये.