ब्रिटनची राष्ट्रीय मैदानी अजिंक्यपद स्पर्धा, १९१९

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये झालेली पहिली राष्ट्रीय मैदानी अजिंक्यपद स्पर्धा. ती ५ जुलै १९१९ रोजी लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर झाली. इंग्लंडमधील हौशी धावपटूंची नियामक संस्था असलेल्या ॲमॅच्युअर ॲथलेटिक असोसिएशनने (संक्षेपाने एएए) तिचे आयोजन केले होते. व्हर्सायच्या तहावर २८ जून रोजी सह्या झाल्या आणि त्यानंतर अवघ्या एका आठवड्यात ही स्पर्धा भरली.

पार्श्वभूमी

एएएची स्थापना २४ एप्रिल १८८० रोजी ऑक्सफर्ड येथे झाली आणि त्याच वर्षापासून तिची अजिंक्यपद स्पर्धा दरवर्षी होऊ लागली. परदेशी खेळाडूंनाही तीत भाग घेता येत असे. युद्धापूर्वीची शेवटची स्पर्धा जुलै १९१४ मध्ये याच मैदानावर झाली. ४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटन युद्धात उतरले आणि १९१५ ते १९१८ अशी सलग चार वर्षे स्पर्धा होऊ शकली नाही. विजेत्यांच्या यादीत १९१४ नंतर थेट १९१९ हे वर्ष येते.

युद्धातील हानी

१९१४ मध्ये एक मैल आणि चार मैल या दोन्ही शर्यती जॉर्ज हटसन यांनी जिंकल्या होत्या. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर शर्यतीत त्यांना कांस्यपदक मिळाले होते. ससेक्स रेजिमेंटमधील हे सैनिक १४ सप्टेंबर १९१४ रोजी फ्रान्समध्ये एन नदीच्या लढाईत मारले गेले. अजिंक्यपद मिळून तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते. १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरचे सुवर्णपदक मिळवणारे विंडहॅम हॅल्सवेल मार्च १९१५ मध्ये, तर अडथळ्यांच्या शर्यतीतील माजी विजेते जेरार्ड अँडरसन नोव्हेंबर १९१४ मध्ये आघाडीवर मरण पावले.

काही खेळाडू वेगळ्या कारणाने दुरावले. १९१४ मध्ये १०० आणि २२० यार्डांच्या शर्यती जिंकणारे विली ॲपलगार्थ त्याच वर्षी व्यावसायिक धावपटू झाले. पैशासाठी धावणाऱ्यास हौशी स्पर्धेत प्रवेश नसल्यामुळे त्यांची परतीची वाट बंद झाली.

स्वरूप

धावण्याच्या शर्यतींची अंतरे मैल आणि यार्ड या मापांत असत. ८८० यार्ड म्हणजे अर्धा मैल (सुमारे ८०५ मीटर), तर एक मैल म्हणजे सुमारे १,६०९ मीटर. ही स्पर्धा केवळ पुरुषांसाठी होती. महिलांची स्वतंत्र संघटना १९२२ मध्ये स्थापन झाली आणि त्यांची अजिंक्यपद स्पर्धा पुढच्या वर्षी सुरू झाली.

प्रमुख विजेते

स्पर्धेतील सर्वांत लक्षणीय कामगिरी अल्बर्ट हिल यांची होती. त्यांनी ८८० यार्ड आणि एक मैल या दोन्ही शर्यती जिंकल्या. हटसन यांच्यामागे रिकामे राहिलेले मैलाचे अजिंक्यपद अशा रीतीने त्यांच्याकडे आले. हिल यांचा जन्म १८८९ चा, म्हणजे ते हटसन यांच्याच वयाचे होते. १९१० मध्ये ते चार मैलांचे विजेते होते आणि १९१४ मध्ये ८८० यार्डांत दुसरे आले होते. युद्धकाळात त्यांनी रॉयल फ्लाइंग कोरमध्ये बिनतारी संदेशवाहक म्हणून काम केले. धावपटूच्या उमेदीची वर्षे सैन्यात गेल्यावर, वयाच्या तिसाव्या वर्षी ते पुन्हा मैदानात उतरले. सॅम मुसाबिनी हे त्यांचे प्रशिक्षक होते.

४४० यार्डांची शर्यत गाय बटलर यांनी, तर स्टीपलचेस पर्सी हॉज यांनी जिंकली. उंच उडीत बेंजामिन हॉवर्ड बेकर विजयी झाले. १९१३ मध्येही तेच विजेते असल्याने युद्धापूर्वी आणि युद्धानंतर अजिंक्यपद मिळवणाऱ्या मोजक्या खेळाडूंत त्यांची गणना होते.

महत्त्व

या स्पर्धेनंतर पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, अँटवर्प येथे ऑलिंपिक भरले. १९१६ चे बर्लिन ऑलिंपिक युद्धामुळे रद्द झाल्याने हे आठ वर्षांनी होणारे ऑलिंपिक होते. हिल यांनी तेथे ८०० आणि १,५०० मीटर या दोन्ही शर्यतींत सुवर्णपदके मिळवली. हॉज यांनी ३,००० मीटर स्टीपलचेस जिंकली, तर बटलर सुवर्णपदक मिळवणाऱ्या ४ × ४०० मीटर रिले संघात होते. दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने गेलेला भारतीय चमूही याच ऑलिंपिकमध्ये सहभागी झाला होता. त्यात बेळगावचे धावपटू फडेप्पा चौगुले होते.

१९१९ च्या विजेत्यांपैकी अनेकांची कारकीर्द पुढे बहरली, त्यामुळे ही स्पर्धा ब्रिटिश मैदानी खेळांच्या पुनरारंभाची खूण मानता येते. तथापि, तिच्या निकालांतून केवळ परतलेल्यांचीच नोंद मिळते. न परतलेल्यांची नावे १९१४ आणि त्याआधीच्या याद्यांत शोधावी लागतात.