कंदीलपुष्पाचा दाखला

कोल्हापूर जिल्ह्यातील विशाळगडावर आढळलेल्या एका कंदीलपुष्पाला २०२३ साली छत्रपती शिवाजी महाराजांच्या स्मरणार्थ ‘सेरोपेजिया शिवरायीना’ हे नाव देण्यात आले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याचे स्वागत मोठ्या हर्षाने केले, आणि ते यथोचितच होते. परंतु वनस्पती कोणाच्या दृष्टीस पडली की शोध पूर्ण झाला, असा जो ग्रह अशा मथळ्यांनी रूढ होतो, तो दूर करणे अगत्याचे आहे. ते फूल गडावरच्या गुराख्यांनी पूर्वीही पाहिले असेल. शास्त्राच्या दप्तरी शोध नोंदला जातो तो ताडून पाहिल्यावर.

ताडून पाहावयाचे असते ते फुलाच्या अंतरंगात. कंदीलपुष्पाची नळी तळाशी फुगीर असते आणि वर पाच पाकळ्या टोकाशी जुळून त्यांचा पिंजरा होतो. गंधाने ओढली गेलेली चिमुकली माशी आत घसरली की खाली वळलेल्या केसांमुळे तिला माघारी फिरता येत नाही, आणि पुढे ते केस कोमेजून वाट मोकळी होते तेव्हा ती सोंडेला परागपुंज चिकटवून घेऊनच बाहेर पडते. किती सुंदर ही योजना! याच नळीच्या तळाशी एक नाजूक किरीट दडलेला असतो. त्याच्या पाळ्यांची ठेवण कशी, त्यांवर लव आहे की नाही, अशा बारीक तपशिलांवर जातीचा निवाडा पुष्कळदा अवलंबून असतो. दाबून वाळवलेल्या फुलात हा किरीट चेपून जातो, म्हणून अभ्यासकाला ताजे फूल उभे चिरून भिंगाखाली न्यावे लागते, आणि मग जुन्या नमुन्यांशी व वर्णनांशी त्याची ओळीने तुलना करावी लागते.

भेद सिद्ध झाल्यावर त्या जातीचा एक प्ररूप-नमुना मुक्रर करून वनस्पतिसंग्रहात कायमचा ठेवावा लागतो. गावच्या शिवेवर मोजणीचा दगड असतो, आणि दोन गावांत तंटा उपस्थित झाला म्हणजे पंच आधी त्या दगडापाशी जातात. पुढे शंभर वर्षांनी या नावाविषयी वाद निघाला, तर वनस्पतिशास्त्रज्ञही असेच त्या वाळलेल्या फांदीपाशी जातील. १९५८ पासून प्ररूपाचा निर्देश केल्यावाचून नवे नाव ग्राह्य धरले जात नाही. वर्णन लॅटिनमध्ये लिहिण्याची सक्ती मात्र २०१२ पासून उठली. तेव्हापासून इंग्रजीही चालते.

कंदीलपुष्पांच्या या वंशाची कुळकथा मला विशेष प्रिय आहे. लिनिअसने १७५३ साली ‘सेरोपेजिया कँडेलाब्रम’ ही जात नोंदली, ती मलबारातील डच अधिकारी हेंड्रिक व्हॅन रीड याने सिद्ध केलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या द्वादशखंडात्मक ग्रंथातील एका चित्राच्या आधारे. लिनिअस स्वतः हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता. त्या ग्रंथामागे इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचे ज्ञान होते, आणि कोचीनच्या रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तिघा कोकणी ब्राह्मणांचेही. त्यांनी नागरी लिपीत व कोकणी भाषेत दिलेला १६७५ चा दाखला पहिल्याच खंडात छापलेला आहे. अनेक चित्रांवर वनस्पतींची नावेही नागरीत कोरलेली आहेत. आमच्या पाठ्यपुस्तकांत लिनिअसचे नाव सर्वत्र आढळते. या तिघांची नावे क्वचितच. हा अन्याय आहे.

सह्याद्रीतील कित्येक कंदीलपुष्पे एखाद्‌दुसऱ्या डोंगरापुरतीच उरलेली आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांचा जीव जमिनीखालच्या कंदात असतो. तेव्हा पावसाळ्यात गडावर असे फूल दिसले, तर वाचकांनी छायाचित्र अवश्य घ्यावे, कंदाला हात लावू नये, आणि जागेचा ठावठिकाणा चारचौघांत जाहीर न करता जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांस कळवावा.