विश्लेषण : छळावर बंदी, तरीही अमेरिका पुन्हा पुन्हा त्याच वाटेवर का गेली?

कबुलीजबाबासाठी कैद्याचा छळ करायचा नाही, हा नियम अमेरिकी लष्कराने १८६३ मध्येच लिहून ठेवला होता. यादवी युद्ध सुरू असताना राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी जारी केलेल्या ‘लीबर संहिते’त तशी स्पष्ट मनाई होती. तरीही पुढच्या दीडशे वर्षांत हा नियम अनेकदा मोडला गेला. बहुतेक वेळा त्यामागे भीती होती.

फिलिपिन्समध्ये काय घडले?

१८९९ मध्ये फिलिपिन्सच्या स्वातंत्र्यसैनिकांशी अमेरिकेचे युद्ध सुरू झाले. गनिमी लढाईत शत्रू कोण आणि गावकरी कोण, हेच कळेना. माहिती काढण्यासाठी सैनिकांनी ‘वॉटर क्युअर’ वापरला : कैद्याच्या तोंडात पोट फुगेपर्यंत पाणी ओतायचे आणि मग पोट दाबून ते बाहेर काढायचे. सप्टेंबर १९०१ मध्ये बालांगिगा येथील अचानक हल्ल्यात चाळीसहून अधिक अमेरिकी सैनिक ठार झाले. त्यानंतर जनरल जेकब स्मिथ यांनी समार बेटावर दहा वर्षांवरील, शस्त्र धरू शकेल अशा प्रत्येकाला मारण्याचा आदेश दिला. शिक्षा म्हणून त्यांना समज देऊन निवृत्त करण्यात आले. ‘वॉटर क्युअर’ वापरणारे कॅप्टन एडविन ग्लेन महिनाभर निलंबित झाले आणि त्यांना ५० डॉलर दंड झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र असाच छळ करणाऱ्या जपान्यांवर अमेरिकेने खटले चालवले.

११ सप्टेंबरनंतर काय बदलले?

२००१ च्या हल्ल्यांत सुमारे तीन हजार जण मारले गेले. पुढचा हल्ला कधीही होईल, या धास्तीने सरकारने कायद्याचा अर्थच बदलला. ऑगस्ट २००२ मध्ये न्याय विभागाने मत दिले की, शारीरिक वेदना अवयव निकामी होण्याइतकी तीव्र असेल तरच तो छळ. त्याच महिन्यात ‘सीआयए’ने अबू झुबैदा या कैद्यावर ८३ वेळा ‘वॉटरबोर्डिंग’ केले. त्याला नाव होते ‘प्रगत चौकशी तंत्र’.

ही तंत्रे आली कुठून?

कोरियन युद्धात पकडलेल्या अमेरिकी वैमानिकांकडून चीनने जंतूयुद्धाचे खोटे कबुलीजबाब मिळवले होते. अशा दबावाला तोंड देता यावे म्हणून अमेरिकेने आपल्या सैनिकांना प्रशिक्षण सुरू केले. २००२ मध्ये त्याच प्रशिक्षणातली तंत्रे उलटी फिरवून कैद्यांवर वापरली गेली. म्हणजे खोटे वदवून घेणारी पद्धत सत्य शोधण्यासाठी निवडली गेली.

त्याची किंमत काय?

अमेरिकेने इजिप्तच्या ताब्यात दिलेल्या इब्न अल-शेख अल-लिबी याने इराक अल-कायदाला रासायनिक शस्त्रांचे प्रशिक्षण देत असल्याचे सांगितले. फेब्रुवारी २००३ मध्ये परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी हा दावा संयुक्त राष्ट्रांपुढे मांडला. पुढच्याच महिन्यात इराक युद्ध सुरू झाले. छळ थांबावा म्हणून आपण खोटे बोललो, असे अल-लिबीने नंतर सांगितले.

जबाबदारी कोणावर?

सिनेटच्या २०१४ च्या अहवालानुसार, ‘सीआयए’च्या ११९ कैद्यांपैकी किमान २६ जणांना चुकीने डांबले होते. अबू घरेब तुरुंगातील छळाबद्दल कनिष्ठ सैनिक तुरुंगात गेले. ‘प्रगत तंत्रां’ना मंजुरी देणाऱ्या एकाही वरिष्ठावर खटला चालला नाही. २०१५ मध्ये संसदेने चौकशीची पद्धत लष्करी नियमपुस्तिकेपुरती मर्यादित करणारा कायदा केला. पण मनाई तर १८६३ मध्येही होती. भीतीच्या काळात ती पाळली जाईल का, हे मोडणाऱ्या वरिष्ठांना शिक्षा होते की नाही यावर ठरते.