बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे : पंडिता रमाबाईंचा श्रद्धाशोध

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज या गावी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धर्मांतराची तारीख म्हणून हीच सांगितली जाते आणि त्याविषयीचे सगळे वादही याच दिवसाभोवती फिरत राहतात. स्वतः रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत मात्र हिशेब निराळा मांडला आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त भेटायला आणखी आठ वर्षे जावी लागली, असा त्यांच्या कथनाचा आशय आहे. एका विदुषीच्या आयुष्यातला हा बदल समजून घ्यायचा, तर त्या तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे दोन्हीकडे पाहावे लागते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कर्नाटकातील रांगेत, गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि निष्ठावंत वैष्णव. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये हा रिवाज मोडून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले आणि त्यासाठी त्यांना शास्त्र्यांच्या सभेपुढे आपली बाजू मांडावी लागली. पुढे लक्ष्मीबाईंनी लेकीला शिकवले. हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करीत हिंडत असे. देवळात किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगायचे आणि मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करायची, असा त्यांचा क्रम होता. रमाबाई पंधरा-सोळा वर्षांच्या असताना दक्षिणेत दुष्काळ पडला. साठवलेले द्रव्य दानधर्म आणि व्रतांत संपले होते, आणि अंगमेहनतीचे काम करणे त्या घराला ठाऊक नव्हते. १८७४ मध्ये वडील गेले. थोड्याच महिन्यांत आई आणि थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास एवढे दोघेच उरले.

त्यांच्या शोधाची सुरुवात इथे आहे. भावंडे पायी हजारो मैल चालत उत्तरेकडे गेली. झेलमच्या काठी थंडीपासून वाचण्यासाठी अंगावर पांघरूण नव्हते, म्हणून त्यांनी वाळूत खड्डे खणून अंगावर वाळू ओढून रात्री काढल्या. शास्त्रांत सांगितलेले उपवास, स्नाने, दाने, जप हे सगळे घराण्याने मनापासून केले होते आणि पदरी उपासमार आली होती. त्यामुळे दोघांचा जुन्या आचारांवरचा विश्वास हळूहळू ढळत गेला. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. वीस वर्षांच्या मुलीला असा मान मिळाल्याची गोष्ट देशभर गाजली.

कलकत्त्यातच त्यांनी ख्रिस्ती उपासना पहिल्यांदा पाहिली. एका मेळाव्याला भावंडांना बोलावणे होते. तिथे आपल्या देशातली माणसे साहेबी वेषात, चहा-बिस्किटे घेताना दिसली, तेव्हा कलियुग आले अशीच त्यांची समजूत झाली. मग सगळे लोक खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून बसले. आसपास कुठेच मूर्ती नव्हती, तेव्हा ही मंडळी खुर्च्यांचीच पूजा करतात की काय, असे दोघांना वाटले. निघताना मिळालेले संस्कृत बायबल त्यांनी चाळून पाहिले. भाषा आवडली, पण शिकवण काही केल्या उमगली नाही.

त्याच काळात ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचायला दिले. स्त्रियांना वेदाधिकार नाही असे ऐकत वाढलेल्या रमाबाई आता वेद, उपनिषदे आणि धर्मशास्त्रे स्वतःच्या डोळ्यांनी वाचू लागल्या. धर्मशास्त्रांत इतर बाबतींत कितीही मतभेद असले तरी दोन गोष्टींवर त्यांना एकमत दिसले : स्त्री ही जात म्हणून वाईट आहे आणि तिला तिच्या रूपात मोक्ष नाही, शूद्रांचीही तीच गत आहे. हा निष्कर्ष अनेक विद्वानांनी तेव्हा अमान्य केला आणि आजही त्यावर वाद घालता येतो. पण रमाबाईंच्या पुढच्या सगळ्या वाटचालीला तिथूनच जोर मिळाला. आपल्यासारखीला मुक्ती आहे की नाही, एवढाच प्रश्न त्या यापुढे प्रत्येक धर्माला विचारणार होत्या.

१८८० मध्ये श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते. आसामातल्या सिल्चरच्या घरी नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. आयझॅक ॲलन हे बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन त्यांना उत्पत्तीच्या पुस्तकातल्या कथा सांगू लागले. या धर्मात आपल्याला काहीतरी मिळेल असे त्यांना वाटू लागले. मिशन शाळेत शिकलेल्या बिपिनबाबूंना मात्र पत्नीने ख्रिस्ती होण्याचा विचार करावा हे मुळीच रुचले नाही. १८८२ च्या आरंभी पटकीने त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती.

त्या साली रमाबाई पुण्यास आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्री धर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर शिक्षण आयोगापुढे स्त्रियांना डॉक्टर व शिक्षिका करण्याची गरज मांडली. इंग्रजी शिकता शिकता मिस हरफर्ड यांच्याकडे त्या नवा करारही वाचू लागल्या. फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्याशी ओळख झाली ती इथेच. काशीत वाढलेले नीलकंठशास्त्री गोऱ्हे ख्रिस्ती मताचे खंडन करायला निघाले होते आणि त्याच अभ्यासातून १८४८ मध्ये स्वतः ख्रिस्ती झाले. तर्कशास्त्राची भाषा दोघांनाही अवगत होती, त्यामुळे त्यांच्या युक्तिवादांचा रमाबाईंवर मोठा परिणाम झाला.

‘स्त्री धर्मनीति’च्या विक्रीच्या पैशांतून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकी शिकायचे मनात होते, पण वाढत्या बहिरेपणामुळे ते जमले नाही. वाँटेजच्या सेंट मेरी मठातल्या सिस्टर्सनी त्यांना आसरा दिला. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. परदेशात, परधर्मीयांच्या घरात रमाबाईंवर कोसळलेला हा भयंकर आघात होता. याच दिवसांत सिस्टर्सनी त्यांना लंडनजवळच्या फुलम येथील आश्रम दाखवला. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना तिथे मायेने सांभाळले जात होते. अशा स्त्रियांना माणसे दयेने वागवतात, हे रमाबाईंनी कुठेही पाहिले नव्हते. असे का, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या, पाच नवरे झालेल्या, परक्या जमातीच्या बाईशी येशू बोलतो आणि जिवंत पाण्याचे वचन तिला देतो, अशी ती गोष्ट. कलकत्त्यापासून मनात घोळत असलेल्या प्रश्नाला रमाबाईंना तिथे उत्तर मिळाले. पाठोपाठ त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

सर्वसाधारण धर्मांतरकथा इथे संपते, आणि रमाबाईंची खरी कथा इथून पुढे रंगते. बाप्तिस्मा घेतला म्हणजे चर्च सांगेल ते मानायचे, हे त्यांना कबूल नव्हते. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममातेशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो एकोणिसाव्या शतकातल्या धर्मचिंतनाचा अमोल दस्तऐवज आहे. त्रैक्याचा सिद्धांत जसा शिकवला जातो तसा त्यांना पटत नव्हता. ॲथनेशियन मतांगीकार म्हणायला त्या तयार नव्हत्या. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, भारतीयांच्या ओळखीची संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात डोरोथिया बील यांच्या हाताखाली शिकत आणि शिकवत होत्या. तिथे पुरुष विद्यार्थ्यांनाही त्यांनी शिकवावे असे ठरत होते, पण भारतातल्या इंग्रज बिशपांनी हरकत घेतली. भारतीय पुरोहितांचे जोखड महाप्रयासाने उतरवून टाकल्यावर आता दुसरे तसलेच जोखड मानेवर घेणार नाही, असा रमाबाईंचा पवित्रा होता. जेराल्डीनबाईंना त्यात अहंकार दिसला. वस्तुतः त्यात श्रद्धेची कळकळ होती. न पटलेले वाक्य देवासमोर उच्चारणे ही त्यांच्या मते देवाशीच प्रतारणा होती.

मात्र प्रश्न विचारणारी बुद्धी कितीही प्रामाणिक असली तरी मनाला स्वस्थता नव्हती, हेही त्यांनी पुढे तितक्याच प्रामाणिकपणे लिहून ठेवले. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये आले आणि त्याच वर्षी बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे आर्थिक मदतीचे आश्वासन दिले. या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ साली ज्यांचा पुनर्विवाह झाला, त्या गोदूबाई या सदनातल्याच.

१८९१ मध्ये त्यांच्या हाती विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन आले. वर्षानुवर्षे व्यासपीठावरून उपदेश करून झाल्यावर एके दिवशी आपल्यालाच जिवंत श्रद्धेचा स्पर्श झालेला नाही, हे या माणसाच्या ध्यानी आले होते. रमाबाईंनी त्या आरशात स्वतःला पाहिले. मत पटले म्हणून आपण धर्म स्वीकारला. पापी म्हणून, रिकाम्या हातांनी ख्रिस्ताजवळ कधी गेलोच नाही, असे त्यांना जाणवले. वडिलांच्या घरी व्रते करून पुण्य साठवायचे होते, वाँटेजला सिद्धांत तपासून धर्म मिळवायचा होता. दोन्हीकडे मिळवणारे आपणच होतो. आता कमाई करायची काही उरले नाही, फक्त स्वीकारायचे आहे, असा त्यांच्या नव्या अनुभवाचा गाभा होता. साक्षीत या घटनेविषयी लिहिताना त्यांचा सूर एकदम मोकळा आणि आनंदी होतो.

या बदलाची किंमत लगेच द्यावी लागली. शारदा सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही असे वचन होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि मुली आपण होऊन त्यात येऊन बसत. ‘केसरी’ने याविरुद्ध लेखणी उचलली, आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. तटस्थतेच्या भरवशावर लेकी धाडलेल्या पालकांची तक्रार निराधार नव्हती. पण जी श्रद्धा जगण्याचा आधार झाली, ती दार लावून लपवावी अशी अपेक्षाही रमाबाईंकडून कुणाला करता येणार नव्हती.

पुढच्या कामात त्यांच्यातले परिवर्तन डोळ्यांनी दिसू लागते. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते. १८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हा स्वतःच्या बालपणीची उपासमार आठवून रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि जात न विचारता मुलींना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगाव येथे त्यांनी जमीन घेतली होती, तिथे ‘मुक्ति’ उभी राहिली. १९०० च्या गुजरातमधल्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांजवळ गेली. शेती, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना ही कामे मुली आणि बायाच चालवत. अंगमेहनत न येणाऱ्या घरात जिचे आईवडील उपाशी गेले, तिने हजारो मुलींच्या हाताला काम दिले. अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची सोय होती, आणि फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ होते. फुलमला जे पाहून त्या चकित झाल्या होत्या, तेच आता त्यांच्या अंगणात घडत होते.

१९०५ मध्ये मुक्तीत मोठे संजीवन झाले. वेल्समधल्या संजीवनाच्या वार्ता ऐकून मुलींचे गट रोज प्रार्थना करू लागले होते. जूनच्या अखेरीस रडणे, पापकबुली असे प्रकार दिसले. पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात ही घटना लॉस एंजेलिसमधल्या १९०६ च्या जागृतीआधीची म्हणून नोंदली जाते. रमाबाई कोणत्याही एका पंथाच्या झाल्या नाहीत. त्या शाकाहारीच राहिल्या आणि त्यांचा पोशाख साध्या पांढऱ्या लुगड्याचाच राहिला.

शेवटच्या पर्वात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. खेड्यातल्या, थोडे शिकलेल्या बाईलाही ते स्वतः वाचता यावे, हा हेतू होता. मोक्षाविषयीचे ग्रंथ वाचण्याचा अधिकार जिला नाकारला गेला होता, ती आता तो अधिकार दुसऱ्यांना देत होती. जुळणी आणि छपाई मुक्तीतल्या बायकांनीच केली. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

रमाबाईंचा स्वधर्मत्याग काहींना अजून खुपतो, तर काही त्यांना मिशनच्या यशाचा दाखला म्हणून मिरवतात. दोन्ही बाजूंनी त्यांचा प्रश्न ऐकून घ्यायला हवा. त्यासाठी त्यांची १९०७ ची साक्ष आणि वाँटेजची पत्रे जरूर वाचावीत, आणि बाप्तिस्म्याच्या पानावर न थांबता ती शेवटपर्यंत वाचावीत.